पाचव्या नावाचे गहू

जळगाव,
८ जून २०२५

ती. नानांस,
भूमिकाचा सा. न. वि. वि.

तुमच्या नियमाप्रमाणे महिन्याचं एक पत्र, हाताने लिहिलेलं. मी ठीक आहे. ऊन अजून त्रेचाळीसवर आहे. लॅबमध्ये एसी असतो तो माझ्यासाठी नाही, वजनकाट्यांसाठी असतो.

तुम्ही पाठवलेल्या गोष्टीची झेरॉक्स पोचली. पहिलं पान फाटलेलं असल्यामुळे लेखक कळला नाही. गावच्या पाटलाच्या मळ्यातली वांगी कमी होतात, तो गावभर संशय घेतो, सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं टाकतो आणि शेवटी स्वतः दिवसभर राखणीला बसतो. बसून भूक लागते म्हणून रोज चार वांगी भाजून भरीत करून खातो. महिन्याने मळा रिकामा होतो आणि पाटील सांगत फिरतो की चोर फार हुशार होता, माझ्या डोळ्यांदेखत नेली.

हसलीस का, असं तुम्ही विचारलं आहे. एकदा हसले, चौथ्या पानावर. पण शेवट मला दुसऱ्याच पानावर दिसला होता. पाटलाने पहिल्या दिवशी झाडावरची वांगी मोजली असती आणि रोज स्वतः खाल्लेली वजा केली असती, तर मेव्हण्याशी भांडण झालं नसतं. दिवसभर वजनकाटे खरे आहेत का ते तपासणाऱ्या बाईला अशी गोष्ट सोसत नाही. शेजारच्या टेबलावरच्या सबाला ती सांगितली, तर ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिने विचारलं की श्रावण कधी आहे. गेली तीन वर्षं तुमचे लाडू तिने माझ्याइतकेच खाल्ले आहेत.

काकूला नमस्कार. लोभ आहे, तो असाच ठेवावा.

आपली,
भूमिका

---

धुळे,
१७ जून २०२५

चि. भूमिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राला दहापैकी सात. दोन गुण उन्हाचे आकडे लिहून स्वतःची तब्येत दोन शब्दांत उरकल्याबद्दल कापले, एक माझ्या आवडत्या गोष्टीवर पंचनामा केल्याबद्दल. चाळीस वर्षं वर्गात ही गोष्ट वाचून दाखवली. वांगी मोजायला पाहिजे होती असं म्हणणारी तू पहिलीच.

पाटलाला मोजता येत होतं गं. पण राखणदार मळ्यातल्या माणसांत स्वतःला धरत नाही, ही त्याची अडचण आहे. तुला वाटतं तू त्याच्या जागी असतीस तर धरलं असतंस. असेल. तू हुशार आहेस. पण तूही मोजतेस जास्त आणि बघतेस कमी, हे माझं तुझ्या पाचवीपासूनचं मत आहे.

श्रावणातली आपली देवी कानबाई यंदा ३ ऑगस्टच्या रविवारी बसेल. शनिवारीच ये. काकू तिच्या गुडघ्यांना दोष देते आणि मग तीन जणांचं काम एकटी करते. लाडू मी वळणारच आहे, वर्षातून मला एवढंच येतं.

कळावे. प्रेम पोस्टाच्या तिकिटाएवढंच आहे असं समजू नये.

तुझा,
नाना

---

जळगाव,
२२ जून २०२५

प्रिय काकूस,
सा. न.

हे पत्र मुद्दाम शेजारच्या इंदिराबाईंच्या पत्त्यावर पाठवते आहे. फोनवर बोलता येत नाही. नानांना कमी ऐकू येतं म्हणून आपल्या घरातला प्रत्येक फोन स्पीकरवर असतो. वाचून झालं की पत्र ठेवू नकोस.

नानांनी लिहिलं की मी मोजते पण बघत नाही. म्हणून मी माझी जुनी वही काढली, घरी कधी काय मोजलं ते पाहायला. गेल्या श्रावणात तुझ्यासाठी काटा आणला होता, आठवत असेल. त्यावर सवयीने मी कानबाईच्या रोटांचे, त्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू दळायच्या आधी तोलले होते. एक हजार पाचशे बारा ग्रॅम.

रोटाचा हिशोब तूच मला शिकवलास. आपल्या भाऊबंदांत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने पाच मुठी गहू घ्यायचे, मूठ नानांची, नाव मनात घ्यायचं. आपल्याकडे पुरुष चार: नाना, त्यांचे भाऊ तोताराम काका, तुमचा नवीनदादा आणि तोताराम काकांचा चंदन. बाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्या श्रावणात त्यांच्या मुठी बंद झाल्या, हेही तूच सांगितलं होतंस.

मग नानांच्या पाच मुठी म्हणजे किती ग्रॅम, हे मला हवं आहे. चिमण्यांना टाकायचे म्हणून त्यांच्याकडून पाच मुठी गहू ताटलीत काढून घे. वेगवेगळ्या दिवशी तीनदा. काट्यावर ठेव, आकडा लिही, मग चिमण्यांना टाक. कारण विचारू नकोस, अजून मलाच खात्री नाही.

गुडघ्याला जप. तुझी माया पुरवून पुरवून वापरते.

तुझी,
भूमिका

---

धुळे,
२ जुलै २०२५

चि. भूमिकाला,
काकूचे आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. पहिल्या दिवशी दोनशे अठ्ठ्याण्णव, मग तीनशे पाच, मग तीनशे एक. नाना म्हणाले की लताबाई, एवढ्या वर्षांत तुला चिमण्यांची माया पहिल्यांदाच आली. मी म्हटलं, वय झालं की येते.

आकडेमोड मलाही येते गं. पंधराशेला तीनशेने भागले तर पाच येतात. आपल्याकडे पुरुष चार. कागद हातात घेऊन मी इंदिराबाईच्या ओट्यावर बसून राहिले. ती म्हणाली, बठ्ठं नीट माहीत करून घे, मग बोल. तिला न सांगून चालत नव्हतं, पत्र तिच्या दारात येतं.

आता तू विचारलं नाहीस ते सांगते. दिवाळीपासून हे दर दुसऱ्या शनिवारी एसटीने चोपड्याला जातात. चोपड्याला आपलं कोणी नाही. विचारलं तर म्हणतात, जुना विद्यार्थी आहे. नाव विचारलं तर कानावर हात ठेवतात, ऐकू आलं नाही म्हणून. परवा सदरा धुवायला काढला तर खिशात औषधाच्या गोळ्यांसारखं पाकीट होतं. आत गोळ्या नव्हत्या, शर्टाच्या गुंडीएवढे सेल होते, प्रत्येकावर तपकिरी चिकटपट्टी. घरात असल्या सेलवर चालणारं काही नाही. मी पाकीट परत तिथेच ठेवलं.

आणि एक. दरवर्षी सोमवारी विसर्जन करून आलो की चार-पाच रोट कमी असतात. रोट उंबऱ्याबाहेर जात नाही, बाहेरच्याच्या तोंडी लागत नाही, हे घरातल्या मांजरालाही माहीत आहे. मला वाटायचं चंदन उचलतो. पोरगा खातो तर खाऊ दे, म्हणून बोलले नाही.

तू शिकलेली आहेस. याचं काय ते तू सांग. आणि लवकर सांग.

तुझी,
काकू

---

जळगाव,
९ जुलै २०२५

प्रिय काकूस,
सा. न.

घाईने लिहीत नाही. तुझं पत्र पोचून तीन दिवस झाले, ते तीन दिवस विचार केला.

नानांच्या मुठीत फार तर दोन टक्क्यांचा फरक पडतो. चार माणसांच्या गव्हात चुकून तीनशे ग्रॅम वाढत नाहीत. नानांनी पाचवं नाव घेतलं आहे, आणि मनात घेतलं आहे, म्हणजे ते आपल्याला कळू द्यायचं नव्हतं. गुंडीएवढ्या सेलवर लहान मुलांची बोलकी खेळणी आणि गाणी म्हणणारी पुस्तकं चालतात. चार-पाच रोट घराबाहेर जातात. ते ज्याच्या नावाचे आहेत त्याच्याकडेच जात असणार.

म्हणून मला जे दिसतं ते असं: चोपड्याला नानांच्या रक्ताचा कोणी पुरुष आहे. स्वतः लहान असेल, किंवा त्याला लहान मूल असेल. एक गोष्ट यात बसत नाही. चोपड्याच्या खेपा दिवाळीनंतर सुरू झाल्या आणि गहू त्याआधीच्या श्रावणातले आहेत. ही विसंगती मी सध्या बाजूला ठेवली आहे.

मला हे लिहायला आवडलं नाही. पाच वर्षांच्या मुलीला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेणारा माणूस आणि हा माणूस एकच आहे, हे मला जुळवता येत नाही. पण मला जुळवता येत नाही म्हणून आकडा खोटा ठरत नाही. तू अजून काही बोलू नकोस. मी आले की आपण विचारू.

तुझ्याच आधाराने असलेली,
भूमिका

---

धुळे,
२२ जुलै २०२५

चि. भूमिकाला,
आशीर्वाद.

तू बोलू नकोस म्हणालीस. आठवडाभर बोलले नाही, मग बोलले.

जेवताना मी म्हटलं की यंदा मुठी भरताना नावं मोठ्याने घ्या. यांनी मान वर केली नाही. म्हणाले, नावं मनात घ्यायची असतात, रीत आहे. मी म्हटलं, मग रोट घरात राहायची पण रीत आहे. तेव्हा ह्यांनी घास खाली ठेवला. भूमिका, बेचाळीस वर्षांत मी ह्यांचा चेहरा असा पाहिला नाही. चोराचा नव्हता, तेच मला जास्त लागलं. एखादी वस्तू जपून ठेवलेली असते आणि कोणीतरी फडताळ उघडतं, तसा होता.

मी सांगून टाकलं आहे. नावं मोठ्याने घेणार नसाल तर मी कानबाईसमोर तुमच्या शेजारी बसणार नाही. जोडपं बसल्याशिवाय कानबाई बसत नाही. म्हणजे आपल्या घरी यंदा बसणार नाही, आणि भाऊबंद दारात येऊन कारण विचारतील. विचारू देत. मी नवीनकडे नाशिकला जाईन. पिशवी भरून कपाटाखाली ठेवली आहे.

माझ्या सासूने मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं की या घरात कानबाई कधी चुकली नाही. ती माझ्या हातून चुकणार. तू आकडा काढला नसतास तर बरं झालं असतं, असं मनात येतं. मग वाटतं, तुझा काय दोष.

तुझी,
काकू

---

धुळे,
२४ जुलै २०२५

चि. भूमिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र महिन्याचं नाही, जादा आहे. गुण दिले जाणार नाहीत.

आधी चोपडा. तिथे माझा एक जुना विद्यार्थी कानाचा डॉक्टर आहे. धुळ्यात दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं की मास्तर बहिरे झाले. दिवाळीपासून माझ्या डाव्या कानात एक यंत्र आहे, केसांखाली जातं, दिसत नाही. तपकिरी चिकटपट्टी काढली की सेलला हवा लागते आणि तो सुरू होतो, असं त्याने मला समजावलं. तुला ते मी समजवावं, अशी वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

तर मला ऐकू येतं. तू इंदिराबाईच्या पत्त्यावर पत्रं धाडलीस, आणि तुझी काकू ती पत्रं ओट्यावर बसून इंदिराबाईला मोठ्याने वाचून दाखवत होती, मधल्या भिंतीला खिडकी आहे हे दोघी विसरल्या. चोपड्याच्या नातवापर्यंत बठ्ठं मी ऐकलं. दोनदा हसू आलं. सायकलच्या दांडीचं वाचलं तेव्हा मात्र यंत्र काढून ठेवलं.

आता मूठ. तुझा बाप प्रेमराज गेला त्या श्रावणात तोतारामने सांगितलं की त्याच्या नावाच्या मुठी आता थांबवा. रीत तशीच आहे. मी हो म्हणालो, चार नावं घेतली, आणि हात गव्हात राहिला. तू उंबऱ्यात बसून माझ्याकडे पाहत होतीस. मग मी पाचवं नाव घेतलं. मनातल्या मनात. बाप्या माणसाचं नव्हतं. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता थांबवलं तर कानबाईला काय सांगू, म्हणून पुन्हा घेतलं. अशी बावीस वर्षं झाली.

लताबाईला कसं सांगणार. ती उपास मोडला तर दोन धरते. मुलीच्या नावाने मुठी घेतल्या म्हणाल्यावर तिने आयुष्यभर घरातल्या प्रत्येक तापाचं खापर त्या मुठींवर फोडलं असतं. आणि तू नोकरीला जळगावला गेलीस, सोमवारी संध्याकाळचीच गाडी धरायला लागलीस. ज्याच्या नावाचे रोट त्याने ते पुनवेच्या आत संपवायचे असतात. म्हणून तुझे रोट मी कुस्करतो, तूप-गूळ घालून वळतो आणि डब्यात भरून तुला देतो. काकूला वाटतं शिळ्या पोळ्या आहेत.

मूठ तुझी आहे, तिचं काय करायचं ते तू ठरव. फक्त काकूला तूच लिही. संशय तुझा होता. कानबाईच्या रविवारआधी लिही, कपाटाखालची पिशवी मला दिसते.

तू बाजूला ठेवलेली ती विसंगती मला फार आवडली. पाटलानेही बरंच बाजूला ठेवलं होतं.

तुझा,
नाना

---

धुळे,
३१ जुलै २०२५

चि. भूमिकाला,
आशीर्वाद.

तुझं पत्र स्पीड पोस्टाने आलं. या वेळी मनात वाचलं. इंदिराबाई ओट्यावर वाट बघत बसली होती, तिला म्हटलं चष्मा सापडत नाही.

मुठीचं मला आधी कानबाईला विचारावं लागलं. देवघरात बसले. बावीस वर्षं मागे जाऊन एकेक वर्ष आठवलं. प्रेमराज गेल्यानंतर घरात अवचित मरण नाही. नवीनचं लग्न झालं, तू बारावीला जिल्ह्यात नंबरात आलीस, माझं ऑपरेशन नीट झालं. तिला राग आला असता तर इतकी वर्षं तिने वाट पाहिली नसती. तेव्हा त्या मुठीचं माझं काही म्हणणं नाही. रोट उंबऱ्याबाहेर गेले त्याचं आहे, पण तू उंबऱ्यातलीच आहेस.

माझं म्हणणं कानाचं आहे. नऊ महिने हे ऐकत होते. नऊ महिने मी ह्यांच्या पाठीमागे उभी राहून, ऐकू येत नाही म्हणून, मनात येईल ते बोलले आहे. ह्यांच्या बहिणीविषयी बोलले. घोरण्याविषयी बोलले. एकदा तर चांगलं पण बोलले, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पिशवी रिकामी केली. शनिवारी ये. काटा मी फडताळात वर ठेवला आहे, तिथेच राहू दे.

तुझी,
काकू

---

जळगाव,
७ ऑगस्ट २०२५

ती. नानांस,
भूमिकाचा सा. न. वि. वि.

मंगळवारी वेळेवर कामावर पोचले. तब्येत चांगली आहे. झोप कमी झाली, घसा जागरणाच्या गाण्यांनी बसला आहे आणि उजवा खांदा रोट लाटून दुखतो. गुण पाहून घ्यावेत.

तुम्ही रविवारी मुठी भरताना नावं मोठ्याने घेतलीत. चार झाल्यावर तोताराम काकांनी पाटावर हात टेकला, उठायला. तुम्ही माझं नाव घेतलंत आणि मला पुढे बोलावून म्हणालात की पाचव्याच्या मुठी पाचव्याने भराव्यात. काका परत बसले. त्यांनी काकूकडे पाहिलं, काकूने कानबाईकडे पाहिलं. माझी मूठ लहान आहे. पाच मुठींचे दोनशे तीस ग्रॅम झाले असतील. हा अंदाज आहे, काटा फडताळात होता. तुम्ही वरून एकही मूठ टाकली नाहीत, हे मी पाहिलं.

काकू तुमच्या शेजारी बसली तेव्हा तिने आधी तुमच्या कानाकडे बघितलं, हेही पाहिलं. ती तुमच्याशी आता खुणांनी बोलते, ते फार दिवस टिकणार नाही.

तुमच्यावर संशय घेतला त्याबद्दल मी घरी काही बोलले नाही, कारण बोलता आलं नाही. इथे लिहिते. माझा आकडा बरोबर होता. चोपड्याचा माणूस शोधताना मी घरातल्या प्रत्येकाला धरलं, फक्त गहू तोलणारीला धरलं नाही. बावीस वर्षं तिच्याच नावाचे गहू होते आणि तीन वर्षं ती त्यांचेच लाडू खात होती. गोष्टीचा शेवट दुसऱ्या पानावर दिसला होता, हे मी परत घेते.

आता एक अडचण. मागची तीन वर्षं सबाने त्यातले निम्मे लाडू खाल्ले, ते काकूला सांगू नये. या वेळी मी डबा खणात ठेवला आणि मंगळवारी दुपारी भिंतीकडे तोंड करून दोन खाल्ले. सबाने ते पाहिलं. बुधवारी दिवसभर माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी लॅबमधलं काही चोरलं आहे. संध्याकाळी तिने विचारलं की मी तिच्यापासून काय लपवते आहे. तो सूर मला ओळखीचा वाटला. जुलैभर माझाच होता.

तुम्ही म्हणालात, मूठ माझी आहे आणि ठरवायचं मी. म्हणून आज डबा दोघींच्या टेबलांच्या मध्ये ठेवला. पुनवेला अजून दोन दिवस आहेत. पण सबाही माझ्यासारखीच काटे तपासते. तिने आधी सगळे लाडू मोजले, अकरा भरले, आणि आकडा टेबलावर पेन्सिलीने लिहून ठेवला. उद्या ती पुन्हा मोजणार आहे. मी तिला एवढंच सांगितलं, स्वतः खाल्लेले वजा कर.

काकूला नमस्कार, तोही तिला हळू आवाजात सांगावा. माझी मूठ चालू ठेवावी.

आपली,
भूमिका